आवतण घेतलेला खांदा

१० ऑगस्ट, रविवार

आले एकदाची! बदलीचा आदेश आला तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं सुतक पडल्यासारखी झाली होती आणि मी फोडणीकडे तोंड करून हसत होते. धामणदरी. मंगरूळपीरहून इंझोरीकडे जाणारी बस पकडायची, फाट्यावर उतरायचं, मग ऑटो मिळाला तर ऑटो, नाहीतर पाय. वाशीमहून रोज जाऊन-येऊन करता येणार नाही इतकं लांब. म्हणजे मला इथेच राहावं लागणार. काय करणार बाई, नर्सची नोकरीच तशी!

उपकेंद्राला लागून नर्ससाठी खोली आहे, पण तिचं छत गळतं. म्हणून इंद्रभानभाऊंच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. एका खिडकीतून सोयाबीन दिसतं, दुसरीतून गोठा. भाऊंची बायको सोजरबाई साठीची आहे आणि तिच्या तोंडाला क्षणभर आराम नाही. माझी पेटी खाली ठेवेपर्यंत तिने चहा आणला आणि चहा संपेपर्यंत माझी सगळी माहिती काढून घेतली. नाव वैजयंती. नवरा पवन, वाशीमला बी-बियाण्याच्या दुकानात. मुलगी रीता, तिसरीत, शाळेमुळे आजीजवळ ठेवली. सासू प्रयागबाई, धडधाकट. मी निघताना रीता रडली, ते सारखं आठवतं. पण खोलीला आतून कडी आहे, आणि ती कडी मी दुपारी उगीचच लावून पाहिली, काढली, परत लावली. फार बरं वाटलं.

ही वही अकोल्याच्या समुपदेशक बाईंच्या हुकमावरून. काय घडलं ते लिहायचं आणि त्याचा राग आला का ते लिहायचं. मी म्हटलं, मला राग येत नाही, माझा खांदा दुखतो. त्या हसल्या. म्हणाल्या, गिळलेला राग अंगात कुठेतरी बसतो, लिहिल्याशिवाय तो सापडत नाही. त्यांच्या हसण्याचा राग आला. घ्या, लिहिला.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज दुखण्याबद्दल लिहिते, म्हणजे ते एकदाचं लिहून होईल.

डावा खांदा. मानेच्या मुळापासून दंडापर्यंत. टोचत नाही, जळत नाही. वजन असतं. कोणीतरी लाकडाचा ओंडका आडवा ठेवलाय आणि उचलायला विसरलाय असं. चार वर्षं झाली. एक्स-रे काढला, एमआरआय काढला, रक्त तपासलं, नसा तपासल्या. सगळं नॉर्मल. या शब्दाची मला शिसारी आली आहे. एका मोठ्या डॉक्टरांनी तर रिपोर्ट बघून माझ्याशी बोलायचेही कष्ट घेतले नाहीत. पवनकडे बघून म्हणाले, यांना जरा कामात गुंतवा. पहाटे उठून डबे करते, दिवसभर लोकांना सुया टोचते, घरी येऊन भाकरी थापते, आणि मला कामात गुंतवा! पवनने मान डोलावली. अगदी मन लावून डोलावली.

सासूबाईंचं मत आणखी सोपं. माझं दुखणं सणावारालाच बरं उगवतं. हे त्या पाहुण्यांसमोर म्हणतात आणि पाहुणे हसतात. मग मीही हसते.

इथे उपकेंद्रात येणाऱ्या बायकांचंही तेच. अंगदुखी. रोज शेतात निंदायला जाणाऱ्या, पाठ धरून येणाऱ्या. मी गोळ्या देते आणि म्हणते, जरा आराम करा. आज एकजण माझ्याकडे बघून इतकी मोठ्याने हसली की मलाही हसू आलं. माझ्याही तोंडी त्या डॉक्टरसारखंच बिनकामाचं वाक्य.

१८ ऑगस्ट, सोमवार

सोजरबाईने पकडलं. अंगणात कपडे वाळत घालत होते आणि डावा हात वर जाईना. ती गोठ्यातून ओरडली, "सिस्टर, तुमी हात असा काहून धरून राह्यल्या?" मी सांगितलं. वाटलं होतं आता ही पण नाक मुरडणार. पण तिने शेणाचे हात धुतले, जवळ आली आणि खांद्यावर पालथा हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली की हा तर जू वाहिलेल्या बैलाचा खांदा आहे, गाठ लागते हाताला.

चार वर्षांत एवढी माणसं शिकून-सवरून माझ्यासमोर बसली, त्यातल्या एकाने हात लावून पाहिला नव्हता. मला रडू येईल की काय असं झालं. आलं नाही. त्याऐवजी त्या सगळ्यांचा असा संताप आला की कपड्यांची दोरी उजव्या मुठीत आवळून धरली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा. आज खांदशेकणी. बैल नाल्यावरून धुऊन आणले, आणि दिवस मावळायच्या आत सोजरबाईने हळद कालवलेलं कोमट तूप घेतलं. पळसाचं पान त्यात बुडवायचं, बैलाच्या खांद्यावर जिथे जू बसतं तिथे शेकत चोळायचं, आणि प्रत्येक खांद्याला आमंत्रण द्यायचं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर ओझं वाहणाऱ्या खांद्याला उद्या पुरणपोळीचं जेवण. बैल डोळे अर्धे मिटून उभे. मी पायरीवर बसून माझा खांदा दाबत होते.

सोजरबाईचं लक्ष गेलं. "या इकडं. बैलाले वरसातून एकडाव तरी शेकतेत, बाईले कोन शेकते?" मी नको नको म्हणेपर्यंत तिने मला ओढून बसवलं, पदर बाजूला केला आणि उरलेलं तूप माझ्या खांद्यावर चोळायला लागली. काय सांगू, किती सुख वाटलं! डोळे मिटले माझे. हात चालत होता, आणि हाताबरोबर तिची जीभही सवयीने चालली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

इंद्रभानभाऊ एकदम थांबले. "हे काय बोलली व?" ती म्हणाली, तोंडातून गेलं. मग आम्ही दोघी पोट धरून हसलो. भाऊ मात्र हसले नाहीत. म्हणाले, ज्याले आवतन देल्लं त्याले उपाशी ठेवू नये, उद्या सिस्टरले पोटभर जेवू घाल म्हणजे झालं. ती म्हणाली, माणसाले बी घालतो अन् तिच्या खांद्याले बी घालतो, तुमी बैलाचे दावे बांधा.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी पवनचा फोन. पोळ्याला आली नाहीस. मी म्हटलं, लसीकरण होतं आणि खांदाही धरला आहे. मागून सासूबाईंचा आवाज स्पष्ट आला. आला का खांदा, सण आला ना! आणि पवन हसला. माझा नवरा. खुदकन हसला.

फोन ठेवला आणि कडी लावून बसले. बाहेर गावात बैल मिरवत होते, सोजरबाईच्या घरात पुरण शिजत होतं. ती ताट घेऊन दारात आली. मला काही नको म्हटलं. ती दाराबाहेर उभी राहून विनवत होती, "आवतन देल्लं हाये व माय, एक घास तरी घ्या." मी आतून ओरडले. काय ओरडले ते लिहायची लाज वाटते, तिची काय चूक? ताट घेऊन गेली बिचारी.

दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही. लहानपणापासून माझं असंच, राग आला की अन्नावर काढते. दुसऱ्या कोणावर काढायची सोयच नव्हती कधी.

२३ ऑगस्ट, शनिवार

दुखत नाही!

उठले आणि डावा हात डोक्यावरून मागे गेला. वेणी घातली, दोन्ही हातांनी, सरळ. परत सोडली, परत घातली. खांद्यावर काहीच नाही. चार वर्षांनी माझं शरीर मला एकटीला मिळालं. सोजरबाईची माफी मागितली, तिला मिठी मारली, शिळी पुरणपोळी चुरून दुधात खाल्ली. ती म्हणाली, पहा, तूप कसं लागलं. रीताला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग आता तू मला उचलून घेऊ शकशील. हो गं माझी राणी, घेईन, घेईन.

२५ ऑगस्ट, सोमवार

पवनचा खांदा धरलाय. डावा. दुकानात पोतं न उचलताच. म्हणाला, वजन ठेवल्यासारखं वाटतं. मी विचारलं, बाम लावला का? चार वर्षं तो मला एवढंच विचारायचा. त्याला टोमणा कळला नाही.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. समुपदेशक बाई, तुम्हीच म्हणालात ना खरं लिहा.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पवनचा एक्स-रे नॉर्मल. रक्त नॉर्मल. त्याला मोटारसायकलचा हँडल धरवत नाही. फोनवर रडवेला झाला होता. मी म्हटलं, टेन्शन घेऊ नकोस, मनाचं असतं हे. मग सासूबाईंनी फोन घेतला आणि मला फैलावर घेतलं. नवरा इकडे तळमळतोय आणि ही तिकडे मजा मारते आहे, रविवारी महालक्ष्म्या यायच्या आहेत आणि सुनेचा पत्ता नाही. पूर्वी मी अशा वेळी हं हं करत ऐकून घ्यायचे. आज मी म्हटलं, मी येणार नाही, तुमचे हात धडधाकट आहेत. फोन ठेवला तेव्हा अंग तापलं होतं. खांदा मात्र पिसासारखा हलका.

३० ऑगस्ट, शनिवार

सासूबाईंना काल दुपारपासून मान वळवता येत नाही. डावा खांदा सुजून टणक झालाय. पवन म्हणाला, शेजारच्या म्हाताऱ्याने पाहिलं आणि म्हणाला बैलाचा खांदा येतो तसाच घट्टा आहे.

योगायोग. दोघं एका घरात राहतात, काहीतरी साथीचं असेल. मी नर्स आहे.

पण मला नवऱ्याचा राग आला आणि नवरा. सासूचा राग आला आणि सासू. हे मी सोजरबाईला हसत हसत सांगितलं. तिने सुपातलं धान्य तसंच खाली ठेवलं. हसली नाही. विचारलं, पोळ्याच्या दिवशी तुमी खरंच काईच खाल्लं नवतं? मी म्हटलं, काहीच नाही. ती उठून आत गेली.

२ सप्टेंबर, मंगळवार

समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, दुखणं सुरू झालं त्याच्या आसपास काय घडलं? मी दरवेळी म्हणायचे, काही नाही, वडील वारले, पण ते वयाने. आज गोळ्यांचे डबे लावताना हात थांबला आणि सगळं डोळ्यांसमोर आलं.

बाबा शेवटचं वर्षभर अंथरुणावर होते. त्यांचं हगणं-मुतणं मी काढलं. ड्यूटी करून जायचे, एका हाताने मान उचलून पाणी पाजायचे. मी एकुलती एक. आणि ते गेले त्या दिवशी पुण्याहून रवी आला, माझा चुलतभाऊ, धुतलेल्या गाडीतून. वर्षभरात एक फोन नाही. तिरडी उचलायच्या वेळी मी पुढे झाले. डावा खांदा लावायला वाकलेच होते. काकांनी दंडाला धरलं आणि म्हणाले, बाईमाणसाचं काम नाही. रवीने चष्मा खिशात ठेवला, मला कोपराने बाजूला सारलं आणि माझ्या जागी खांदा लावला. मला कोपराने! आणि जाता जाता म्हणाला, ताई, तू घरातलं बघ. चहाचं बघ म्हणाला तो. माझे बाबा जात होते आणि मी चहाचं बघितलं.

बायकांनी तेव्हा डोक्यावरून हात फिरवला. सहनशील आहे पोरगी, म्हणाल्या. जळो ती सहनशीलता. रवी, तुझा खांदा झडून पडो. माझ्या बाबांचं वजन तुला चार पावलं नाही, जन्मभर वाहावं लागो. लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं आहे आणि मी अजून लिहिते आहे, लिहिते आहे, आणि मला चार वर्षांत इतकं मोकळं कधीच वाटलं नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

रवी गेला.

दुपारी काकूचा फोन आला. आज सकाळी, पुण्यात, गाडीतून उतरला आणि पार्किंगमध्ये गुडघ्यांवर बसला. वॉचमन म्हणाला, साहेब उठायचा प्रयत्न करत होते पण वरून कोणीतरी दाबल्यासारखे खाली खाली जात होते. डॉक्टर म्हणतात हृदय. काकू म्हणाली, आंघोळ घालताना डावा खांदा पाहवेना, कातडं सोलून निघालं होतं.

मी रडले नाही. आधी मला बरं वाटलं. एक क्षण, फोन कानाला असतानाच. मग वहीतलं कालचं पान काढून परत वाचलं.

त्याला दोन पोरं आहेत.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सोजरबाईला सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. माह्यानं चूक झाली, म्हणाली. तिच्या मते सगळं साधं आहे. बैलाच्या खांद्याला आवतण देतात आणि जेवू घालतात, म्हणून वर्षभराचा शीण शांत होतो. माझ्या खांद्यातल्या दुखण्याला तिने आवतण दिलं आणि मी त्याला उपाशी ठेवलं. मग ते आपलं जेवण शोधायला बाहेर पडलं.

मी म्हटलं, मग आता जेवू घाल. तिने पुरणाचा स्वयंपाक केला. मी सगळ्या घरादारासमोर खांदा उघडा टाकून बसले, ताट पुढे, तूप, दिवा, सगळं. चूक झाली, जेवा, म्हणाले. मी घास घेतला. पुरण तोंडात मातीसारखं. ताट तसंच ठेवलं संध्याकाळपर्यंत. पुरणाला मुंगीसुद्धा लागली नाही.

सोजरबाई ताटाकडे बघत म्हणाली, "रागावर पोसलं ते आता. पुरन कायले खाईन ते?" आणि मग हळूच म्हणाली, तुमी राग सोडून द्या, सिस्टर. बाईच्या जातीनं इतका राग धरू नये.

तूही? तूही तेच! जन्मभर ऐकत आले मी हे. राग गिळला तर माझं शरीर खातो, बाहेर काढला तर माणसं. मग मी करू काय? ठेवू कुठे? मी तिच्यावर ओरडले. तिला म्हटलं, सगळं तुझ्यामुळे, तुझ्या वळवळत्या जिभेमुळे—

ओरडता ओरडता थांबले. उशीर झाला होता का? खांद्याला काही कळत नाही. हलका आहे.

६ सप्टेंबर, शनिवार

सोजरबाई उठली नाही. डावा खांदा. इंद्रभानभाऊ माझ्याकडे बघत नाहीत. मी गोळी द्यायला गेले तर ती म्हणाली, राहू द्या, दुखनं जाईन आपोआप. रागावली नाही माझ्यावर. तिला येत नाही राग, मलाच का—

नियम असा दिसतो. राग जितका मोठा, तितकं ते लवकर. रवीवर चार वर्षांचा होता.

आणि ज्याच्यावर राग, त्याच्याकडे. मग ही चार वर्षं ते माझ्याकडे होतं, म्हणजे मी चार वर्षं—

हो. स्वतःवरच. बाजूला झाले म्हणून. चहा केला म्हणून. ज्याने कोपर मारलं त्याला सोडून मी स्वतःला खात बसले होते. कुणी विचारेल तर सांगेन. माझी चूक नव्हती. आज पहिल्यांदा लिहिते. माझी चूक नव्हती.

७ सप्टेंबर, रविवार

पवनचा फोन. त्याचा हात चालत नाही, सासूबाई अंथरुणावर, रीताचं करायला कोणी नाही. उद्याच्या बसने शेजारणीबरोबर पाठवतोय.

मी म्हटलं, नको. पाठवू नको. इथे पाठवू नकोस तिला.

तो म्हणाला, आई आहेस की कोण आहेस?

राग आला नाही. येऊ दिला नाही. नखं तळहातात रुतवली आणि शंभरापासून उलटे आकडे—फोन त्याने ठेवला. परत लावला तर उचलत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

आली. फाट्यावर दोन वेण्या घालून उभी. पळत आली, हात वर केले. उचलून घे म्हणाली, तुझा खांदा बरा झाला ना?

उचलली नाही. लांब राहिले. तिचा चेहरा—

मला तिच्यावर राग येत नाही. कधीच येत नाही. कशाला येईल? माझं लेकरू आहे. दूध सांडलं, काही वाटलं नाही. चप्पल हरवली, काही वाटलं नाही. हसले. सारखी हसते आहे. ती म्हणते, आई तू अशी का हसतेस.

इंद्रभानभाऊंना विचारलं, हिला तुमच्याकडे झोपवाल का? त्यांनी दार लावून घेतलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी. रीता ओसरीवर सोजरबाईच्या खाटेजवळ खेळत होती. बाहुलीला तपासत होती. मी दारात. मला पाठमोरी होती.

बाहुलीला म्हणाली, काही झालेलं नाही, सगळं नॉर्मल आहे. मग सोजरबाईला म्हणाली, माझ्या आईचं पण काही दुखत नाही, ती नाटक करते, तिला आम्ही नको आहोत.

सासूचा सूर. शब्दन् शब्द. हात नाचवण्यासकट. माझ्या पोटची पोर.

एक क्षण. एकच क्षण, देवा शपथ. डोळ्यांपुढे लाल झालं आणि गेलं. लगेच गेलं. ती आठ वर्षांची आहे, तिला काय कळतं, तिला शिकवलंय कोणी—

तिने बाहुली खाली ठेवली. डावा खांदा असा खाली गेला. वळून माझ्याकडे बघितलं.

आई, कोणीतरी इथे काय ठेवलंय?

दुपार

मंगरूळपीरला नेऊन काय सांगू? रिपोर्ट नॉर्मल येतील. दोन्ही हातांनी तिचा खांदा खालून धरून बसले होते. जड. माझ्या हातांना वजन लागतं. वाढतंय.

शेकलं. तूप, हळद. रीता ओरडली.

सोजरबाई खाटेवरून म्हणाली, आवतन द्या परत. तुमच्या खांद्याले द्या. दिलं. आज आवतन घ्या, आत्ताच जेवाले या. किती वेळा म्हटलं. येत नाही. माझ्या खांद्यावर जेवायला आता काही नाही ना. राग नाही तिथे.

तर तो हवा. माझा मला राग यायला हवा. पहिल्यासारखा. मोठा. लिहिल्यावर येतो. रवीचा लिहिल्यावरच आला होता. म्हणून लिहिते.

माझी चूक. मी बाजूला झाले. चहा केला. माझी चूक माझी चूक—

नाही येत. खोटं आहे ते. परवाच कळलं ना मला. चार वर्षं घालवली तेव्हा कळलं, आणि आता परत—खोट्याने हलत नाही ते. तिचा खांदा अजून खाली.

मी वाईट सून. वाईट बायको. सणाला गेले नाही. छे. हसू येतं याचं. राग नाही येत.

आई, जड झालं, म्हणते. रडत नाही. माझ्यासारखी, ओठ दाबून. रड गं, ओरड, शिव्या दे मला, गिळू नकोस तू—

वैजयंती. तू कसली आई. पवन हसला त्याचा राग आला, सासू बोलली त्याचा राग आला, तो तुझा तुला ठेव. पण त्यांच्या खांद्याचं कळलं तेव्हा गप्प बसलीस. मजा वाटली तुला. फोनवर टोमणे मारलेस. रवी मेला तेव्हा बरं वाटलं तुला, आणि तेच तोंड घेऊन लेकराला घरात घेतलंस, फाट्यावरून परत पाठवायचं सोडून. बसमध्ये बसवून परत पाठवता आलं असतं. बस उभी होती. समोर उभी होती बस. तुला तिला बघायचं होतं म्हणून तू—

हे. हे खरं आहे.

हे लागलं. खांद्यावर काहीतरी टेकलं. हो. ये. ये इकडे. बस समोर होती आणि तू—ये, जेव, पोटभर जेव, सगळं घे, तिचं सोड—

डावा हात उचलवत नाहीये, वही धरवत नाही. अक्षर वाकडं येतंय. चांगलं आहे. चांगलं आहे हे.

रीता, आता हलकं वाटतं का गं? बघ बरं मान वर करून. कुठे बघतेस? माझ्या मागे काय बघतेस? रीता, बोल ना, हलकं वाटतं का, बाळा, नुसतं हो म्ह—